सात बोटी आणि एक लाल ओळ

मुरुगवाड्यातल्या बायका गुणवंती डोर्लेकरला ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणत, आणि त्यात थोडी चेष्टा असली तरी बरीचशी भिस्त होती. पंधरा-वीस वर्षं तिने मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी विकली. लिलावात तिचा आवाज जेटीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. मग गुडघे गेले. मच्छीमार सोसायटीने सात लाँचींवर ठावठिकाणा सांगणारी यंत्रं बसवली, तेव्हा घरी बसून त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणूस हवा होता. सभेत पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. मागून गुणवंती म्हणाली, “मी शिकते.” अडतिसाव्या वर्षी ती कॉलेजातल्या पोरींच्या शेजारी बसून कॉम्प्युटरचा कोर्स करून आली होती, हे तोवर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून तिच्या पडवीतल्या टेबलावर ‘दर्यादूत’ नावाचा प्रोग्रॅम चालू असे. निळ्या पडद्यावर सात हिरवे ठिपके. मोबाइल आणि वायरलेस जिथे पोचत नाहीत तिथेही या प्रोग्रॅममधून चार ओळींचा निरोप जायचा, आणि बोटीवरचा प्रमुख, म्हणजे तांडेल, बटण दाबून ‘मिळाला’ असं किंवा दोन-चार शब्दांचं उत्तर कळवायचा. किनाऱ्यावरून निरोप पाठवायची सोय मात्र नोंदवलेल्या एकाच कॉम्प्युटरवर होती, गुणवंतीच्या. त्या सातांपैकी ‘भगवतीकृपा’वर तिचा नवरा भिकाजी तांडेल होता.

ऑगस्टमध्ये, मासेमारी सुरू झाल्यावर पंधराच दिवसांत, तिच्या हातून एक चूक झाली. फोन आला, माणूस गोड बोलला, ‘तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरलाय’ म्हणाला, आणि त्याने सांगितलेलं तिने उघडलं. पडद्यावरचा बाण आपला आपण चालू लागला. तिने माऊसवरून हात काढला तरी तो चालतच होता. त्याने तांडेलांच्या घरच्या फोन नंबरांची यादी उघडली, तेव्हा तिने भिंतीतला प्लग उपटला. पण यादी गेली होती. दोन दिवसांनी शेजारच्या राहीला फोन आला की तुझ्या नवऱ्याची बोट बुडाली, आता आम्ही सांगू तसं कर. राही ओट्यावर कोसळली. तिचा नवरा सदू, ‘चंद्रिका’चा तांडेल, त्या वेळी बोटीवर अगदी सुखरूप होता.

त्यानंतर गुणवंतीने स्वतः शोधून, विचारून, विंडोजबरोबर येणारा सोडून वेगळा फायरवॉल घातला, इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला दारात अडवून विचारणारा. एक शंभर पानी वही केली. कुठला प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमधून चालतो, कुणी बनवलाय, त्याला बाहेर जाऊ द्यायचं की नाही, सगळं तीत लिहिलं. पहिल्या पानावर लाल पेनाने नियम होता: अनोळखी जागेवरून आलं तर ब्लॉक.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या सकाळी ती बांगडे साफ करत होती. सात-सव्वासातला फायरवॉलची चौकट वर आली. ‘दर्यादूत’ बाहेर जायला परवानगी मागत होता. नाव ओळखीचं, पण फोल्डर वहीतलं नव्हतं आणि कंपनीचं नावही वेगळं. तिने हात पुसले, वही पडताळली, आणि ‘ब्लॉक’ दाबून ‘पुन्हा विचारू नको’ यावर खूण केली. पडद्यावर सातही ठिपके होते तसेच हिरवे होते. ती पुन्हा बांगड्यांकडे वळली.

सव्वाअकराला बंदरावरच्या कार्यालयातून फोन आला. कमी दाबाचा पट्टा अंदाजापेक्षा लवकर सरकला होता. चार-पाच वाजल्यापासून वारा उठणार, सगळ्या बोटींनी ताबडतोब जवळचं बंदर गाठावं. गुणवंतीने मनात हिशेब केला. बोटी पस्तीस-चाळीस मैलांवर, म्हणजे पाच-सहा तासांची वाट. तिने निरोप टाइप केला: ‘मागे फिरा. पाचपासून मोठा वारा. जयगड किंवा पूर्णगड जवळ असेल तिथे शिरा.’ आणि पाठवला.

‘पाठवत आहे’ ही अक्षरं पडद्यावर आली आणि तिथेच थांबली.

एक मिनिट. तीन मिनिटं. तिने ‘भगवतीकृपा’च्या ठिपक्यावर बाण नेला, तर खाली वेळ उमटली, सात वाजून दहा मिनिटं. ‘चंद्रिका’, सात दहा. सातही बोटी सात दहालाच गोठल्या होत्या. पण एकाच मिनिटाला सातही यंत्रं बंद पडत नाहीत. बंद पडलंय ते इथे, या टेबलावर. आणि सात-सव्वासातला इथे काय झालं, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

तिने फायरवॉलची नोंद उघडली. दर अर्ध्या मिनिटाला एक लाल ओळ, सकाळपासूनच्या शेकडो. दर्यादूत, ब्लॉक. दर्यादूत, ब्लॉक.

तेवढ्यात राही आत आली. बंदरावरची बातमी वाडीत पोचली होती. “वयनी, निरोप दिलास ना?”

“जात नाय गो. अडकलाय.”

“कशामुळं?”

गुणवंतीने खोटं सांगितलं नाही. “सकाळी मीच अडवला. माझ्या फायरवॉलनं.”

राहीचा चेहरा उतरला. “मग काढून टाक तो! बंद कर सगळा! सदू हाय तिथं.”

एक बटण होतं, सगळं संरक्षण बंद करण्याचं. गुणवंतीचा बाण त्याच्यावर जाऊन थांबलाही. पण हा खरा दर्यादूत नसला तर? त्याचं नाव घेऊन दुसराच कुणी आत बसला असेल, आणि आपण दार सताड उघडलं, तर सातही बोटींना निरोप धाडायची किल्ली त्याच्या हातात जाईल. घरच्यांना खोटे फोन करणारा वाऱ्याच्या तोंडावर बोटींना काय सांगेल?

“दहा मिनिटं दे मला,” ती म्हणाली.

“दहा मिनिटं!” राही ओरडली आणि दाराशीच खाली बसली.

गुणवंतीने वहीतला नंबर काढून हर्षदला फोन लावला. यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचा तो माणूस, तिच्याच घरी दोनदा जेवलेला, त्यामुळे आवाज पक्का ओळखीचा. तो सावर्ड्यात एका कामावर होता.

“ताई, आज सकाळी नवी आवृत्ती आपोआप बसलीय. कळवायचं राहून गेलं आमच्याकडून. तुम्ही असं करा, फायरवॉल काढूनच टाका, झटक्यात होईल.”

“नाही काढणार. तुमचा लॅपटॉप उघडा. तुमच्या दर्यादूतचा फोल्डर वाचा.”

त्याने वाचला. जुळला. आवृत्तीचा आकडा जुळला.

“कंपनीचं नाव वेगळं का दिसतंय?”

“गेल्या महिन्यात बदललं, ताई.”

“कंपनीच्या डिजिटल सहीचा नंबर असतो ना फाइलला? त्याची शेवटची आठ अक्षरं सांगा.”

त्याने ती माहिती उघडली. मग तो एकेक अक्षर सावकाश वाचू लागला आणि गुणवंती पडद्यावर बोट ठेवून जुळवत गेली. आठही जुळली. तिने जुना नियम पुसला, नवा केला. फक्त हाच प्रोग्रॅम, फक्त बाहेर जायला, आणि हर्षदने सांगितलेल्या दोनच पत्त्यांवर. ‘लागू करा’ दाबलं.

ठिपके हलले. राही उठून टेबलाशी आली. पण ‘पाठवत आहे’ जागचं हललं नाही. नोंदीत पुन्हा लाल ओळ आली, वेगळ्याच नावाची.

“निरोप पाठवायचा भाग आता वेगळा केलाय, ताई. छोटा प्रोग्रॅम आहे तो.”

“त्याचीही आठ अक्षरं वाचा.”

पाच वाचून झाली आणि फोन कट झाला.

अकरा पन्नास. तिने पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच. राही टेबलाची कड धरून उभी होती. पाच जुळलीत, पुरे की, असं गुणवंतीच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि तिसऱ्यांदा फोन लावला. या वेळी रिंग वाजली.

“रस्त्यावर आलोय, ताई, बोला!”

“शेवटची तीन.”

तिन्ही जुळली. बारा वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर ‘पाठवला’ असं उमटलं.

पाच मिनिटांत ‘भगवतीकृपा’कडून ‘मिळाला’ आलं. मग आणखी दोन, मग आणखी तीन. सहा. ‘चंद्रिका’ गप्प होती. तिचा ठिपका हलत होता, पण पश्चिमेला, आणखी खोल पाण्याकडे. राहीला नकाशा वाचता येत नव्हता, तरी ते तिलाही कळलं. तिने गुणवंतीचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

गुणवंतीने दुसरा निरोप एकट्या भिकाजीला धाडला. ‘चंद्रिका उत्तर देत नाही. तुमच्यापासून आठ मैल वायव्येला. वायरलेसवर धरा.’ पाठवल्यावर मग तिला उमगलं, की वायरलेस पोचायला भिकाजीला ‘चंद्रिका’च्या जवळ जावं लागणार, म्हणजे आपण आपल्या नवऱ्याला वाऱ्याच्या दिशेने मागे धाडलंय.

‘भगवतीकृपा’चा ठिपका वळला. बाकीचे पाच किनाऱ्याकडे येत होते, हा एक लांब जात होता. पाऊण वाजता त्याचा निरोप आला, ‘बोललो. चंद्रिका वळते आहे.’ आणि ‘चंद्रिका’चा ठिपका हळूहळू पूर्वेला फिरला. तिच्या यंत्राचा पडदाच बंद पडला होता, असं मागाहून समजलं. राही खुर्चीत बसून हमसाहमशी रडली. गुणवंतीला रडू आलं नाही. साडेसहाला सातवा ठिपका जयगडच्या खाडीत शिरेपर्यंत ती टेबलावरून उठली नाही.

सगळे परतले, पण सगळं धड परतलं नाही. शेवटच्या दोन बोटींना खाडीच्या तोंडाशी वाऱ्याने गाठलं. ‘चंद्रिका’ने जाळं कापून सोडलं. तिच्यावरचा खलाशी काशीराम लाटेने केबिनवर आपटला आणि त्याचा डावा हात कोपराखाली मोडला.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. गुणवंती उभी राहिली आणि तिने झालं तसं सांगितलं. निरोप सत्तेचाळीस मिनिटं अडकला, तिच्या ब्लॉकमुळे अडकला. सभेतल्या दोघांनी फायरवॉल काढायलाच सांगितलं. सदू म्हणाला, “राहू दे तो. माझ्या बायकोला आलेला फोन इसरलात काय?” फायरवॉल राहिला. यापुढे रोज सकाळी सहाला ती सातही बोटींना एक चाचणीचा निरोप धाडेल आणि सातही उत्तरं येईपर्यंत उठणार नाही, असं ठरलं.

सभा उठल्यावर काशीराम तिच्यापाशी आला. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी.

“वयनी, एक इचारू? निरोप वेळेत आला असता, तर हात वाचला असता?”

तिला चार-पाच उत्तरं सुचली. यंत्र बंद होतं, वारा कुणाच्या हातात नसतो.

“वाचला असता, बहुतेक,” ती म्हणाली.

काशीरामने मान हलवली. मग तो म्हणाला, “बरं झालं, सरळ बोललीस,” आणि उजव्या हाताने चपला सरळ करून तो बंदराच्या दिशेने चालू लागला.