नांदूरघाटात सिनेमा दाखवला, ती संध्याकाळ

संक्रांत झाली आणि मी पिशवी भरली. छोटा प्रोजेक्टर, स्पीकर, आईची पांढरी चादर आणि पेनड्राइव्हवर पाऊण तासाचा माहितीपट. नवरा गेलेल्या बायकांवरचा, आपल्याच जिल्ह्यातल्या. कुणाच्या तरी घरात शेजारपाजार गोळा करायचा, भिंतीवर सिनेमा लावायचा, मग चहा आणि बोलणं. पुण्याच्या ज्या पोरांनी तो केला त्यांना बीडमध्ये हिंडणारा माणूस पाहिजे होता. मी दुसऱ्या वर्षाला सरांशी भांडून कॉलेज सोडलेलं. रिकामाच होतो.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वैशाली (माणसांची नावं बदलली आहेत). माझ्या वर्गातली, नांदूरघाटची. मी कॉलेज सोडलं तेव्हापासून तिनं फोन उचलला नव्हता. तिची आई, इंदूमावशी, या माहितीपटात आहे. मावशीनं कॅमेऱ्यासमोर बसताना एकच अट घातली होती: जिल्ह्याबाहेर दाखवायच्या आणि मोबाइलवर टाकायच्या आधी माझ्या गल्लीनं बघायचा, मी समोर असताना. ती अट पुरी करायला मी निघालो होतो. वैशालीनं एवढंच कळवलं, "आई वाट बघतीय." तो मेसेज मी किती वेळा वाचला ते सांगत नाही.

पहिला मुक्काम पाली. बीडहून रस्ता चांगला आहे, धरणाकडून थंड वारा येतो, स्वेटर घ्याच. मित्राच्या चुलत्याचं घर, दारात शेरडं बांधलेली. ओसरीवर चादर ताणली तर सगळे गडीच येऊन बसले.

"ह्याच्यात मारामारी हाय का?" चुलत्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग काय हाय?"

"बायकांचं दुःख."

"मग बायकांना दाखव की बे. आमाला कावून दाखवतो?"

बायका आत चुलीपाशी होत्या. गड्यांसमोर कोण येऊन बसणार? दाराच्या फटीतून दोघीतिघींनी बघितलं तेवढंच. जेवण मात्र झकास: बाजरीची भाकरी, तिखटजाळ पिठलं. जेवताना माझ्या डोक्यात एकच, नांदूरघाटात असं झालं तर मावशीला काय तोंड दाखवू.

दुसऱ्या दिवशी एसटीनं केज. स्टँडसमोर भजी गरम मिळतात, चहा पाणचट. तिथून नांदूरघाटला जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, ड्रायव्हर "निघालोच" म्हणतो तेव्हा अजून एक चहा पिऊन घ्या.

नांदूरघाटात माझी आत्या राहते, मावशीच्या घरापासून चार दारं सोडून. तिला पालीचं सांगितलं तर हसली. "लेका, सिनेमा म्हणून कोण सोडतंय बायकांना? रथसप्तमी व्हायचीय अजून. हळदीकुंकवाचं बोलावणं करू. मग सासू बी अडवत न्हाई."

मला ते लई आवडलं. वहिनी, म्हणजे आत्याची सून, दुसऱ्या दिवशी सकाळी कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार बोलावणं करून आली. मी खिळे ठोकत, चादर ताणत वैशालीशी पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळवत होतो. तेवढंच सुचत होतं.

दुपार कलली आणि घर भरलं. हळदीकुंकू, तिळगूळ, वाणाच्या स्टीलच्या वाट्या, हशा. मी फोटो काढून पुण्याला पाठवला. वैशाली दिसेना. म्हटलं, आईला घेऊन येत असेल. खिडक्यांवर गोधड्या टाकून सिनेमा चालू केला.

थोड्या वेळानं भिंतीवर इंदूमावशी आली. "नवरा गेल्यापस्नं मला कुणी कशाला बोलवत न्हाई," ती म्हणाली. "मेला तो. मी जित्ती हाय की."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "इंदी कुठंय गं?"

"तिला कसं सांगायचं," वहिनी हळू बोलली. "हळदीकुंकू हाय ना."

मी सिनेमा बंद केला आणि आत्यावर ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आत्या शांत होती. "तू सकाळपस्नं हितंच चादर ताणीत हुतास. इंदीला सांगितलं का, म्हणून एकदा तरी इचारलंस?"

मी तसाच मावशीकडं गेलो. वैशाली दारात उभी. मावशी आत भिंतीला टेकून बसलेली, इस्त्रीची साडी नेसून.

"आईचा आवाज इथपर्यंत आला," वैशाली म्हणाली. "आमी ऐकला."

"मावशी, चला. आत्ता माझ्यासंगं चला. बघतो कोण अडवतंय."

"कुणी अडवलं न्हाई रे. बोलावलं न्हाई."

"मग इथं लावतो. तुमच्या भिंतीवर."

"मला माझं तोंड काय बघायचंय?" मावशी म्हणाली. "मी बोलताना त्यांची तोंडं बघायची हुती." आणि चहा टाकायला उठली.

वैशाली मला अंगणापर्यंत सोडायला आली. "भांडून आलास ना तिकडं?"

"हो."

"तुला तेवढंच येतं. उद्या नळावर त्याच बायकांत आमाला जायचंय." मग म्हणाली, "आता फोन करू नको. मेसेज बी नको."

जे जुळवून ठेवलं होतं त्यातलं एकही वाक्य मी बोललो नाही.

सकाळच्या पहिल्या जीपनं निघालो. तुम्ही कधी असं घरगुती दाखवणं करणार असाल तर प्रोजेक्टर, चादर, सगळं मिळतं. बोलावणं मात्र दुसऱ्यावर सोडू नका. ज्याचा सिनेमा आहे त्याच्या दारात आधी स्वतः जाऊन उभे राहा.

बीडला घरी पोहोचलो तर पुण्याचा मेसेज आलेला: "काय गर्दी आहे! अट पूर्ण झाली ना? मग इथं लावतो." मी लिहिलं, "नाही झाली." ते म्हणाले, "फोटो आहे की." मी परत लिहिलं, "मावशी नव्हती."

अजून त्यांनी तो पुण्यात लावलेला नाही. हे वैशालीला सांगायचं होतं. फोन करायचा नाही, म्हणून इथं लिहिलं.