माझे पाय कोणी घासले?

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे स्टाफरूममध्ये भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की सगळ्यात आधी हसणारी मीच. हे लिहिताना मात्र हसू येत नाहीये.

आम्ही आर्वीला राहतो. मिस्टर नोकरीसाठी चंद्रपूरला, रविवारी येतात. एरवी घरात मी आणि आई. माझ्या माहेराहून, रोहण्याहून तिला आणली तेव्हाच लकव्याने तिची उजवी बाजू गेली होती. आता तर ती मला ओळखतही नाही... "बाई" म्हणते. दिवसा सुमनबाई तिच्याजवळ असतात.

लहानपणी माझ्या अंगात जरा कणकण आली की आई खोबरेल तेल आणि काशाची वाटी घेऊन बसायची. आधी पायाचा अंगठा ओढून कट्‌कन मोडायचा, मग तळपाय घासायचे, पार काळे होईपर्यंत. "गरमी बाहीर निघून राह्यली," म्हणायची. दिवसभर कापूस वेचून तिची बोटं ओरबाडलेली असायची, तरी मला झोप लागेपर्यंत हात थांबायचा नाही. तिच्या भेगाळलेल्या पायांना मात्र कधी कोणी वाटी लावली नाही. मी आज जी काही आहे ती त्या हातांमुळे. (तो काळा रंग गरमीचा नाही, काशातल्या तांब्याचा, हे मी वर्गात दरवर्षी सांगते!)

गेल्या वर्षीचा तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा सण. आपल्या नातवाचा लाकडी नंदी सजवायचा म्हणून सुमनबाई त्या दिवशी थेट संध्याकाळी येणार होत्या. दुपारी मला थंडी वाजून सणकून ताप भरला. आईच्या खाटेशेजारी चटईवर पडले, ती उठताच येईना. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला... आणि वरून आई म्हणतेय, "बाई, पानी द्या वो... पानी..."

हात उचलायला गेले, उचलला नाही. हाका मारल्या, पण बाहेर पोरांची नंदी घेऊन मिरवणूक, ढोलताशे. कोण ऐकणार? हातभर अंतरावर माझी आई तहानेने कासावीस, आणि मी तिला घोटभर पाणी देऊ शकत नव्हते. नुसती रडत होते.

तेवढ्यात कोणीतरी माझा अंगठा ओढला. कट्‌! मग तळव्यावर गोल गोल फिरणारी गार वाटी... "हालू नको वो पोरी." आवाज पायांकडून आला होता. मान वळवून वर पाहिलं — आई खाटेवर उताणी, डोळे छताकडे, ओठ मिटलेले.

सुमनबाईंनी दार वाजवलं तेव्हा ताप उतरला होता. मीच उठून आतली कडी काढली आणि आधी आईला पाणी पाजलं.

"ताई, पायाले काय झालं वो? काऊन इतके काळे? कोनं घासून देले?" सुमनबाई वाकून बघायला लागल्या.

वाटी माळ्यावरच्या पेटीत, आईच्या जुन्या लुगड्यात बांधून ठेवलेली. स्टुलावर चढून काढली. गाठ जशीच्या तशी होती, पण वाटीला तेल होतं... ओलं.

डॉक्टर म्हणाले, तापात भास होतात. होत असतील. पण भासाने कोणाचे पाय काळे होतात का? घासल्याशिवाय काशाचा रंग उतरत नाही, एवढं रसायनशास्त्र मला येतं. त्यापुढचं मला आजही कळलेलं नाही.

जिला कळलं असेल तिला मी खूपदा विचारलं. तिचा डावा हात हातात घेऊन... "आई, तूच होतीस ना?" एकदा तिने माझ्याकडे मान वळवली. मग हळूच म्हणाली, "लई रडता वो बाई तुमी... तुमाले माय नाई का?"