वॉर्निशचा नवा हात

काल शेजारच्या दाराला वॉर्निश लागलं आणि बाबांची ती चाकांवरची खोली आठवली. काशीतल्या आमच्या दूधविनायकच्या गल्लीत स्कूटरही जेमतेम वळते, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती ओळखीच्यांच्या आवारात प्लायवूडची बांधली, मोटारीमागे जोडून आईला कोकणात माहेरी न्यायला. आई दारातूनच म्हणाली, "अहो, हा वास जाऊ दे, मग निघू." उन्हाळाभर आम्ही खिडक्या सताड उघड्या टाकल्या, बाकांखाली कोळशाच्या परड्या ठेवल्या, आणि सरसाचा, वॉर्निशचा वास हळूहळू विरत गेला. दिवाळीपर्यंत मला तर नुसतं लाकूड जाणवायचं. आई मात्र पदर नाकाला लावून पायरीवरच थांबली. "आहे अजून," म्हणाली, आणि मग हलकेच, "या वयात काशीबाहेर डोळे मिटले तर?" दुसऱ्या दिवशी मी गेले तर बाबा त्याच कोरड्या भिंतींवर वॉर्निशचा नवा हात देत होते. "आईला सांग," ब्रश न थांबवता म्हणाले, "वास काही जात नाही." आई काशीतच गेली. आता मी बाबांना म्हणते, चला, आपण तरी जाऊन येऊ. ते म्हणतात, वास जाऊ दे आधी.