तांब्याचं तोंड

तांब्याला तोंडच नव्हतं. मी सतरंजीवर बसले होते, तांब्या समोरच्या उंच टेबलावर होता, आणि खालून बघताना त्याची नुसती कड दिसत होती, मधोमध जराशी वर उचललेली. माझ्या कागदावर मात्र तोंड काढून झालं होतं. अंड्यासारखं चेपलेलं, आत सावली भरलेलं, आठ दिवस घोटलेलं. मी खोडायला लागले. आधी कागद काळा झाला, मग त्याचा भुसा निघायला लागला. परीक्षेच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं गेली होती. हात पदराला पुसावा तर पदरही घामानं ओला.

तेव्हा आम्ही भांडुपला डोंगराच्या उतारावर एका खोलीत राहायचो. नवऱ्याची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. वस्तीतल्या मंडळाच्या जागेत बालवाडी निघणार होती आणि तिथे शिक्षिका हवी होती. अट सातवी पासची, मी चौथी. बालवाडी काढणाऱ्या बाईंनी विचारलं, चित्र काढता येतं का, मुलांना फळ्यावर काढून दाखवावं लागेल. चांगलं येत असेल तर चौथीचंही बघू. मी येतं म्हणाले. येत नव्हतं. शाळा सुटल्यापासून मी रांगोळीशिवाय काही काढलं नव्हतं. आठ दिवसांनी वस्तू समोर ठेवून परीक्षा होती, आणि सरावाची वहीही बघणार होत्या.

त्याच संध्याकाळी चित्रकलेची वही आणली. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून कव्हर घातलं, पांढरी बाजू वर. नाव घालायला बसले तर हातानं माझ्या नावापुढे वडिलांचं नाव लिहिलं, माहेरचं आडनावही. वहीवर शेवटचं नाव घातलं तेव्हा मी दहा वर्षांची होते, हाताला तेच ठाऊक. बाई म्हणाल्या असत्या, हिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. कव्हर काढलं, दुसरा महिना फाडला, आणि या वेळी आधी पाटीवर लिहून बघितलं. पहिल्या पानाला चारी बाजूंनी रांगोळीतली वेल काढली. न घाबरता तेवढंच काढता येत होतं. एक अख्खा दिवस त्यातच गेला.

शिकवायला मुलगी होती, सहावीतली. वस्तू हलवू नकोस, आधी मधली रेघ मार, उजेड दारातून येतो म्हणजे सावली मोरीकडे, असं ती मला सांगायची आणि दिसतं तेच काढ म्हणून दटावायची. माझा पहिला तांब्या घागरीसारखा झाला, दुसरा वांग्यासारखा. तोंड मी भाकरीसारखं गोल काढायचे.

"आई, तू आत डोकावून बघतेस," ती म्हणाली. "मागे सरकून बघ ना. चेपलेलं दिसतं."

ते चेपलेलं जमायला चार दिवस लागले.

सासूबाईंना मी काहीच सांगितलं नव्हतं. सून भरदुपारी तांब्यासमोर मांडी घालून बसलेली बघून त्या म्हणाल्या, "तांब्याक काय बघत रवलंस गो? पाय फुटतले काय तेका?"

मी म्हटलं, जरा थांबा, अर्धी बाजू राहिलीय. त्यांनी तांब्या उचलला, पाणी प्यायल्या आणि भलतीकडेच ठेवला. सावली सगळी फिरली. मी रडकुंडीला आले, पण गप्प बसले. बोलले असते तर नोकरीची गोष्ट घरात फुटली असती, आणि नाही मिळाली तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. त्या आठवड्यात दोनदा भाकऱ्या करपवल्या.

पानं भरत गेली. तांब्या, कांदे, समई, परत तांब्या. सगळं जमिनीवर ठेवलेलं, कारण आमच्या घरात सगळं जमिनीवरच असायचं. त्यात काही चुकतंय हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

परीक्षेला आम्ही सहा जणी होतो. माझ्या शेजारची सातवी पास होती. तिचा तांब्या झकास उतरला होता, तोंडासकट. मला वाटलं, तिला दिसतंय आणि मला नाही, म्हणजे माझे डोळे गेले. मी उठून उभी राहिले. तोंड दिसलं. बाईंनी बसायला सांगितलं. बसले, तोंड गेलं. तेव्हा कळलं. पण कळून धीर आला नाही. पाचही जणींच्या कागदावर तोंड होतं, आणि पाचही माझ्यापेक्षा शिकलेल्या. कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला दिसत होती तेवढी कड काढली.

बाई फिरत माझ्यापाशी आल्या.

"तोंड कुठाय?"

"दिसत नाही, बाई."

"बाकीच्यांना दिसलं की."

"त्यांनाही दिसलं नाही. तांब्याला तोंड असतं हे माहीत आहे म्हणून काढलं."

शेजारचीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या ताटात हात घातला. बाईंनी वही मागितली आणि एकेक पान उलटलं. त्यात प्रत्येक तांब्याला तोंड होतं.

"इथे तर काढलंय."

"घरी टेबल नाही. तांब्या खाली असतो."

बाई साडी सावरून माझ्या बाजूला सतरंजीवर बसल्या, टेबलाकडे बघितलं, उठल्या आणि पुढे गेल्या. हो की नाही, काहीच कळलं नाही. पुढचे चार दिवस आधीच्या आठ दिवसांपेक्षा वाईट गेले.

दोघींना घेतलं. शेजारची शिक्षिका झाली, मी मदतनीस. चौथीला शिक्षिका करता येत नाही, बाई म्हणाल्या, पण फळ्यावरची चित्रं तुम्हीच काढा. ती मी तेवीस वर्षं काढली आणि मदतनीस म्हणूनच सुटले.

सासूबाई गेल्या, नवरा गेला, बाईही गेल्या. त्या सहा जणींतल्या चौघी गेल्या. एक गावी गेली, तिचं काही कळलं नाही. मी आहे.