चेअरमनचंच नाव यादीत नाही

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची निवडणूक झाली. नगरला, सावेडीत, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये... आणि निवडणूक अधिकारी कोण, तर मी! सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली बाई.

कोणी तयारच होईना म्हणून माझ्या गळ्यात घातलं हो. "मॅडम कॉपी पकडायच्या, त्यांनाच करू द्या," असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले... पुढे काय वाढून ठेवलंय ते तेव्हा कुठे ठाऊक होतं.

तोवर आमच्याकडे निवडणूक म्हणजे दहा मिनिटांचं काम. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा चेअरमन. ते उभं राहून विचारायचे, "हाय का कुणाची हरकत?" कोणाचीच नसायची. झालं, बिनविरोध! यंदा मात्र निबंधक कार्यालयाचं पत्र आलं. मतदार यादी लावा, अर्ज मागवा, गुप्त मतदान घ्या... सगळं नियमानं.

मी सदस्यांचं रजिस्टर घेऊन बसले. छत्तीस फ्लॅट, त्यात काय एवढं... निम्म्यावर आले आणि हात थांबला. अण्णांच्या फ्लॅटपुढे नाव होतं सुमनकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. एकटीचंच.

आता बाईच्या नावावर घर घेतलं की कर्जाचं व्याज थोडं कमी पडतं. म्हणून बऱ्याच जणांनी बायकोच्या नावावर घेतलं आणि विसरून गेले. मोजलं तर अकरा घरांची हीच तऱ्हा! मीटिंगला नवरे येणार, हात नवरे वर करणार, आणि कागदावर सदस्य बायका. आणि आमचा चेअरमन साधा सदस्यसुद्धा नाही... कोणी बघितलंच नव्हतं कधी.

अण्णा मूळचे जामखेडकडचे, पाण्याची किंमत जाणणारा माणूस. गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायचं काम त्यांनी अर्ध्यावर आणलं होतं, ते पुरं करायला त्यांना पुन्हा निवडून यायचं होतं. माझ्या मिस्टरांचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन दिवस दवाखान्यात बसून राहिलेला माणूस हा... आणि त्यांना मी जाऊन सांगायचं की तुम्हाला उभं राहता येणार नाही, मतही देता येणार नाही.

गेले. सांगितलं. आधी हसले. मग "म्हंजी मी उगंच बसलो व्हय खुर्चीत?" एवढंच म्हणाले.

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन. अण्णांना सहयोगी सदस्य, म्हणजे काकूंच्या जोडीचे सदस्य, करून टाकू, अर्जावर यादीच्या आधीची तारीख घालू, कोण बघतंय! खरं सांगते, दोन मिनिटं मोह झाला... पण उद्या एकानं तक्रार केली की अख्खी निवडणूक गोत्यात. आणि लाडक्या पोरालाही मी कधी फुकटचा मार्क दिला नाही, आता म्हातारपणी कुठे सुरुवात करू! नाही म्हणून सांगितलं.

मग काय... अण्णांनी बोलणंच टाकलं. लिफ्टमध्ये भेटले तर मोबाईलमध्ये डोकं. फार लागलं हो मनाला. आपलंच चुकलं का, असं शंभरदा वाटलं.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. मी पार्किंगमध्ये टेबल टाकून बसले होते. वेळ संपत आली आणि समोर सुमनकाकू! इस्त्रीची साडी, हातात भरलेला अर्ज. मला वाटलं, अण्णांनीच पाठवलं असणार, आणि तसं विचारलंही.

काकूंचं माहेर आमच्या जिल्ह्यातल्याच बेलापूरचं, बोलणं रोखठोक. "त्येंना काय इचारायचं? घर माझ्या नावावर हाय. पान्याचं काम अर्धं पडलंय, ते मी पुरं करीन."

अर्ज तपासला. अनुमोदक म्हणून शेजारणीची सही होती, पण नाव सुचवणाऱ्याची, सूचकाची सही राहिलेली. घड्याळात सातच मिनिटं... एवढ्यात अण्णा धापा टाकत जिन्यानं खाली आले. बायको अर्ज घेऊन गेल्याचं त्यांना आत्ता कळलं होतं. माझ्या तोंडून सही राहिल्याचं ऐकलं आणि लगेच खिशातलं पेन काढून म्हणाले, "द्या इकडं, सूचक म्हनून माझी घ्या."

काय सांगू... डोळे भरून आले माझे. आणि तरी म्हणावं लागलं, "अण्णा, तुमची चालत नाही! सूचकसुद्धा सदस्यच लागतो."

त्यांनी पेन परत खिशात ठेवलं. आणि मग असे हसले, असे हसले, की गेटवरचा वॉचमन बघायला आला. हसत हसतच, यादीत नाव असलेल्या पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना हाका मारायला पळाले. वहिनी कणकेच्या हातानं खाली आल्या, पदराला हात पुसला आणि सही केली. दोन मिनिटं शिल्लक होती.

यंदा जागांपेक्षा अर्ज जास्त आले, त्यामुळे खरंखुरं मतदान झालं. त्या अकराजणी स्वतः आल्या, काहींशी तर मी पहिल्यांदाच बोलले. मतदारांशिवाय आत कोणाला सोडायचं नाही म्हणून मी दोरी बांधली होती. अण्णा दोरीपलीकडे उभे राहून सगळ्यांना रांग लावा म्हणून सांगत होते... सवय कुठे जाते!

काकू कमिटीवर निवडून आल्या. चेअरमन कोण, ते नवी कमिटी ठरवेल. अण्णा माझ्याशी अजून थोडं जपूनच बोलतात, पण बोलतात. आनंद वाटतो.

मला मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. मतपत्रिका घेण्याआधी यादीत सही करताना काकू थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, या घरासाठी सह्या लई केल्या, जिथं दाखवतील तिथं. तुला काय वाटतं, हे आज पयल्यांदा कुनीतरी इचारलं."

मी मतपत्रिका पुढे केली. आयुष्यभर नियमावर बोट ठेवणारी खडूस बाई म्हणून नाव कमावलंय मी... त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं बरं वाटलं.