आत्याबाईंची सरळ चिलीम

चिलीम कशी पारखायची ते मला माझ्या सासूनं शिकवलं. मी जन्मात एक झुरका मारलेला नाही, पण आजही बाजारात चिलमींचा ढीग दिसला की माझा हात आपोआप सरळ, बारीक मानेच्या चिलमीकडं जातो. आणि हात तिकडं गेला की डोकं तापतं. इतकी वर्षं झाली, अजून तापतं.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आमचं गाव गंगापूरच्या पुढं. त्या साली लागोपाठ दुसऱ्यांदा पावसानं तोंड फिरवलं, विहिरींचे तळ उघडे पडले, धाकटे दीर जनावरं घेऊन चारा छावणीवर गेले. गावात टँकर येईल तेव्हाच पाणी. म्हणून आमचे हे आईला औरंगाबादला, पुंडलिकनगरच्या आमच्या फ्लॅटमधे घेऊन आले. मला तर बरंच वाटलं, लेक दिवसभर कॉलेजात, घरात बोलायला माणूस आलं. येताना जीपमधे माणसं कोंबलेली, कुणाचा तरी गुडघा लागला आणि पिशवीतली त्यांची चिलीम फुटली.

आता नवी घ्यायला पाहिजे. तर हे ऑफिसातून येताना एक डबा घेऊन आले, आत मखमलीवर वाकडा लाकडी पाइप!

ही अक्कल आली वरच्या मजल्यावरून. तिथं एक रिटायर झालेले साहेब राहायचे, संध्याकाळी गॅलरीत बसून पाइप ओढायचे. सगळ्या बिल्डिंगला त्याचं कोण कौतुक! काय तो वास, काय तो रुबाब! आमचे हे त्यांच्यापुढं शाळेतल्या पोरासारखे बसायचे आणि खाली येऊन मला धडा म्हणून दाखवायचे. उभ्यानं ओढणाऱ्यानं सरळ पाइप घ्यावा, बसून निवांत ओढणाऱ्यानं वाकडा. वाकड्याचं वजन दातांवर येत नाही, धूर डोळ्यात जात नाही. "आई बसूनच ओढते, म्हणून वाकडा आणला," असं अगदी छाती फुगवून म्हणाले.

आत्याबाईंनी तो हातात घेऊन खालीवर फिरवला.

"ह्याला काय झालं रं? मान मोडली का ह्याची?"

"आई, असाच असतो तो. दातात धरायचा."

"दातात? मंग उष्टं होतंय की."

"होऊ दे ना. तुझाच आहे, तूच ओढायचा."

"येकटीनंच?" त्यांनी डबा बंद केला. "दुसऱ्याला देता येत नाय ते कसलं ओढणं, बाबा? ठिव तुझ्या कपाटात."

खरंच आहे की! चिलमीला कधी ओठ लागत नाहीत. ओली छापी, म्हणजे फडक्याचा तुकडा, खाली गुंडाळायची, मूठ आवळायची आणि मुठीतून ओढायचं. उष्टं होत नाही, म्हणून ती बांधावर चार जणांच्या हातून फिरते, आली-गेली म्हातारीही तिच्यासाठी टेकते. हे पोटच्या पोराला सांगावं लागावं?

मग आम्ही दोघी सासवा-सुना रिक्षा करून कुंभारवाड्यात गेलो. आत्याबाईंनी अख्खी टोपली उपसली. रंगवलेल्या आधीच बाजूला टाकल्या, "रंग लागला का चव गेली." जाड मानेच्या मुठीत बसंनात म्हणून परत गेल्या. उरलेल्या नखानं वाजवून बघितल्या, एकेक डोळ्याला लावून उजेडाकडं धरली, भोक सरळ आहे का म्हणून. शेवटी जिभेचं टोक मातीला लावलं, तेव्हा मी लाजेनं अर्धी झाले. "अगं, जिभेला चिकटली का समजायचं भाजणी चांगली. तंबाखूचा कडूपणा माती पिऊन घेती," असं त्या सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या. निवडली ती वीतभर, साधी, सरळ, तोंडाशी जराशी पसरट. येताना सारखी पदराआडून काढून बघत होत्या. मला तर हसूच आवरंना.

घरी मागच्या गॅलरीत त्या चिलमीवर ठेवायला काथ्याची गोळी पेटवायच्या, टोपणभर पाण्यात छापी भिजवायच्या आणि दिवसातून दोनदा चिलीम ओढायच्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आठवडा गेला नाही तोच बिल्डिंगमधली तीन माणसं दारात. म्हणे, गांजाचा वास येतो, इथं फॅमिली राहतात, आणि बाईमाणसाला हे शोभतं का?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तंबाखूची पुडी त्यांच्या नाकाखाली धरली, म्हटलं हुंगा, सांगा गांजा कुठाय. तोंडं फिरवली. त्याच वेळी वरच्या गॅलरीतून साहेबांचा धूर आमच्या दारात उतरत होता, तो मात्र त्या तिघांना दिसंना. शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीच्या स्लॅबला दिवसभर बोअरचं पाणी मारत होते आणि आमचे नळ कोरडे, त्याचीही तक्रार करायला कुणी आलं नव्हतं. तंबाखू वाईटच, मला कळतं. म्हातारीच्या छातीची काळजी म्हणून कुणी बोललं असतं तर मीच चिलीम काढून घेतली असती. पण काळजी होती ती इभ्रतीची.

आणि यांनी काय करावं? त्या तिघांना चक्क सॉरी म्हणाले.

त्यातच लेकीला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा नोकरीला, घर चांगलं. आदल्या दिवशी हे म्हणाले, "चार दिवस आईला गावाकडं सोडून येतो."

"अहो, तिथं प्यायला पाणी नाही!"

"चार दिवसांत काय होतंय? पाहुण्यांच्या नाकाला वास गेला तर स्थळ हातचं जाईल."

मी भांडले, ताट आपटलं, नको नको ते बोलले. आत्याबाई आतून ऐकत होत्या. पिशवी भरूनच बाहेर आल्या. "जाऊ दे बाई. पोरीच्या आड मी कशाला येऊ?" सकाळी यांनी त्यांना गंगापूरच्या जीपमधे बसवून दिलं.

दुपारी पाहुणे आले. मुलगा, आईवडील आणि मुलाची आजी. कांदेपोहे झाले, लेकीला चार प्रश्न विचारून झाले. मग आजीबाईंनी कमरेची चंची सोडली, आतून सरळ, बारीक मानेची चिलीम काढली आणि मला म्हणाल्या, "बाई, पेटवाया इस्तू मिळंल का जरा?" मुलाच्या बापानं पटकन पुढं होऊन आईच्या हातातली चिलीम घेतली आणि भरायला लागला, जशी काही रोजचीच गोष्ट. यांचा चेहरा पांढराफटक.

आजीबाईंनी विचारलं, "तुमच्या घरी म्हातारं माणूस नाय का?"

"आई गावाकडं असते," हे म्हणाले. "तिला शहर मानवत नाही."

मग माझ्यानं राहवंना. "मानवतं की! आज सकाळीच यांनी जीपमधे बसवून दिलं त्यांना. चिलीम ओढतात म्हणून."

आजीबाईंनी आपल्या लेकाच्या हातातली चिलीम परत घेतली, न पेटवताच चंचीत टाकली. "पोरगी आमच्या मनात भरली," त्या म्हणाल्या. "पण सुपारी फोडायची ती तुमच्या आईच्या म्होरं. घिऊन या त्यांना."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जीप करून गावाला गेलो. वेशीजवळ टँकर लागलेला, चिखलात बायांची ही रांग, भांडणं, हंड्यांचा खडखडाट. रांगेच्या शेवटी उन्हात आत्याबाई उभ्या. डोक्यावर पदर, काखेत घागर. हे जीपमधून उतरून त्यांच्याकडं गेले, मी मागोमाग.

"आई, चल. पाहुण्यांची आजी पण चिलीम ओढते. त्यांना चालतं."

"त्यान्ला चालतं व्हय?" आत्याबाईंनी त्यांच्याकडं नीट वर मान करून बघितलं. "आन् तुला?"

हे जमिनीकडं बघत उभे राहिले. मी वाट बघितली, देवाशप्पथ बघितली. एक शब्द तोंडातून निघाला असता तरी चाललं असतं. रांग पुढं सरकली, आत्याबाईही सरकल्या.

मी त्यांच्या काखेतली घागर घेतली, त्यांच्या जागी उभी राहिले आणि जीपवाल्याला ओरडून सांगितलं, "दादा, परत एकच माणूस येणार हाय, आम्ही दोघी इथंच."