माईंच्या लुगड्याचा बटवा

"बाई, तसा न्हाय. हितं उजेडात धरा. उलटा करा. आतला कपडा बघू द्या मना."

सरोजिनीबाईंनी बटवा उलटा केला. ठकुबाईनं आधी तो हातात न घेताच वाकून पाहिला. मग घेतला, अस्तरावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"तुमच्या मायचाच हाय. जांभलं लुगडं. ह्यो रफू बघा, निल्या दोऱ्याचा."

"तो मीच केलाय, ठकुबाई. सातवीत होते तेव्हा. घरात जांभळा दोरा नव्हता."

"मना ठाव हाय. गाठोडं सोडलं तवाच बोलले व्हते की मी तुमाला. ह्यो चौकोन गोधडीत न्हाय लावायचा, ह्यो बाजूला ठेवायचा. तुमच्या बटव्याला."

"मग हा प्रमोदिनीच्या हळदीकुंकवात कसा आला? काल मला वाण म्हणून मिळाला हा. माझ्याच आईचं लुगडं. विधवेच्या लुगड्याचं वाण सवाष्णींना वाटलं म्हणून केवढा गोंधळ झालाय तिथं!"

ठकुबाईनं बटव्याची शिवण उन्हात धरली. टाके लांब होते, घाईचे. कोपऱ्यावर दोनदा गाठ मारलेली. टाका कुणाचा ते तिनं ओळखलं, पण तोंडातून नाव काढलं नाही. ओट्यावर पोतं अंथरलं नि म्हणाली, "बसा बाई. पह्यल्यापासनं सांगा."

ठकुबाई आमच्या शेलार गावची. नवरा महादू भिवंडीत लूमवर होता. दोन्ही शिफ्टी मारायचा, कापसाची कुसं श्वासाबरोबर छातीत जायची. खोकता खोकता एकोणीसशे त्र्याहत्तरला गेला. मागं ना पोर ना शेत. ठकुबाईच्या हातात सुई होती, तिनं गोधड्या शिवायला घेतल्या. खालची पाठ लूमच्या खराब ताग्याची, वरचं तोंड ज्याच्या त्याच्या घरच्या जुन्या कपड्याचं. लुगडी, धोतरं, सदरे फाडून ती वीतभर चौकोन कापायची नि मांडून बघायची. मांडता मांडता काही चौकोन उरतातच. कुठं रंग बसत नाही, कुठं कड पुरत नाही.

दुसरी कुणी गोधडीवाली ते चौकोन आपल्या पेटीत टाकील आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या गोधडीत खपवील. ठकुबाईचं तसं नव्हतं. उरलेल्या चौकोनांचं ती काहीबाही करायची. बटवा, बाळाचं टोपडं, तांब्यावरचं झाकण, कापूस भरलेली बाहुली. गोधडीची घडी घालताना ते आत सरकवायची. त्याचं वेगळं काही मागायची नाही. गोधडी उलगडली की आतून बाहुली पडायची आणि घरातली म्हातारी माणसंसुद्धा हसायची.

"मेल्या मानसाचा कपडा त्याच्या घरातच फिरला पायजे," ती सांगायची. "दुसऱ्याच्या घरात गेला तं तो तिथं परका."

म्हणून पूर्णा, दापोडे, पार भिवंडीच्या आळीपर्यंत लोक तिच्याकडं यायचे. आईचं लुगडं बोहारणीला घालून पातेलं घ्यायला ज्यांचा हात धजत नव्हता, ते गाठोडं बांधून ठकुबाईच्या ओट्यावर आणून ठेवायचे. तिचं सगळं नाव एवढ्यावर उभं होतं. ठकुबाईकडं गेलेला चौकोन परत येतो.

बरोबर शिवायला राही असायची, तिची धाकटी जाऊ. दीर लडकू, त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हा राहीला सुईत दोराही ओवता येत नव्हता. ठकुबाईनं शिकवलं. गोधडी जमिनीवर पसरायची, एका कडेला ही, समोरच्या कडेला ती. दोघी कडेनं टाके घालत घालत आत सरकायच्या. मधल्या चौकोनावर त्यांचे गुडघे एकमेकींना टेकायचे. मग राही म्हणायची, "झाली गो बाय भेट!" नि दोघी चहा टाकायच्या. चौदा वर्षं हे असं चाललं होतं.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या संक्रांतीला, आळीतल्या प्रमोदिनीबाईंनी हळदीकुंकवाचं वाण सांगितलं. त्यांचे मालक कोर्टात कारकून. "प्लॅस्टिकच्या वाट्या सगळ्याच वाटतात हो," त्या म्हणाल्या होत्या, "मला हातचे बटवे हवेत. चौकोन जोडलेले, तुमच्या गोधडीसारखे. कपडा मात्र कोरा." कोरा कपडा त्यांनीच दिला. ब्लाऊजपिसांचे तुकडे.

ठकुबाईनं ते काम उचलून राहीच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्ये तू कर. मी टाकाबी न्हाय घालायची ह्यात."

"का गो?"

"सवाशिनींचं वान हाय. उद्या कुनी बोलाला नको, रांडमुंड बाईच्या हातचं हाय म्हनून. तू शिव, तूच पोचव, नाव बी तुजंच सांग."

आळीतली माणसं ठकुबाईनं नीट ओळखली होती. त्याच आठवड्यात पडघ्याची बहीण आजारी पडली नि ठकुबाई दोन दिवस तिकडं गेली. सरोजिनीबाईंच्या माईंची गोधडी तेव्हा पुरी होऊन घरी गेली होती, बटवे तेवढे राहिले होते. उरलेले चौकोन एका फडक्यात बांधून फळीवर होते, बाईंच्या नि त्यांच्या धाकट्या बहिणीच्या बटव्यासाठी. शेजारी दुसरं गाठोडं होतं. माईंचीच बाकीची लुगडी, धाकटीच्या गोधडीची, अजून न कापलेली.

पुढचं सगळं सरोजिनीबाई ओट्यावर बसून सांगत होत्या. त्या नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण, बोलायच्या नीट, पण आज शब्द अडखळत होते.

"हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण दिलं. मी सहज बटवा उघडला, तिळगूळ आत टाकावा म्हणून. तर आतून हा रफू. मी ओरडलेच, अगं, हे तर माईचं! प्रमोदिनी म्हणाली, माईचं म्हणजे? माई तर... आणि मग एकेकीनं हातातले बटवे खाली ठेवले. तुमची जाऊ तिथंच बसली होती. सगळ्या तिला विचारायला लागल्या."

"काय बोलली ती?"

"राहू दे."

"न्हाय बाई. सांगा."

"म्हणाली, ठकुबायनंच काढून दिला. बोलली, लाव आतल्या अंगाला, कोन बघतंय." बाईंनी पदर सारखा केला. "त्यावर एक म्हणाली, तरीच. आपलं कुंकू गेलं ते हिला दुसऱ्याचं बघवत नाही."

ठकुबाईनं बटवा सरळ केला. चारी कोपरे बोटानं बाहेर काढले. मग कुडाच्या भिंतीपलीकडं हाक मारली.

"राही! ये गो जरा."

राही मोड आलेले वाल सोलत होती. ओले हात लुगड्याला पुसत आली. दारातली मास्तरीण बघितली, जावेच्या हातातला बटवा बघितला.

"बाई, तिलगूल खाल्लात का?" ती हसून म्हणाली.

"ह्यो टाका तुजा हाय," ठकुबाई म्हणाली.

"दोघींचा टाका सारखाच."

"सारखा असता तं चौदा वर्सं मी कशाला बोंबलत बसले असते, आखूड घाल, आखूड घाल?"

राहीचं हसू गेलं. "अस्तर कमी पडलं. तू पडघ्याला. दुसऱ्या दिशी वान द्यायचं. फलीवरचं फडकं सोडलं नि घेतला एक चौकोन. चुकलं माजं. काय बोलायचं त्ये बोल."

"चौकोन घेतलास त्याचं मी अजून बोललेच न्हाय. त्ये बाईंच्या पाया पडून मी निस्तरलं असतं. माजं नाव कशाला घेतलंस?"

वालाचं एक साल राहीच्या मनगटाला चिकटलं होतं, ते काढत बसली.

"बोल की."

"तुना काय म्हाईत तिथं कसं असतं," राही एकदम म्हणाली. "मना सतरंजीवर बसवलं. त्यांच्या बरोबर. हाताला अत्तर लावलं. प्रमोदिनीबाय बोलल्या, राहीबाई, कला हाय तुमच्या हातात. राहीबाई! आनि पाच मिनिटात सगल्याच्या सगल्या माज्यावर डोले वटारून. निघालं तोंडातून."

"माजंच बरं निघालं."

"मंग कुनाचं निघनार? तुना तसंबी कोन बोलवतंय तिथं? तुजं काय गेलं? माजं तं कायमचं बंद झालं असतं."

सरोजिनीबाई अंगणातल्या कोंबडीकडं बघत होत्या, जशी काय आयुष्यात पहिल्यांदाच कोंबडी बघतायत.

"चल," ठकुबाई उठली. "आत्ताच्या आत्ता जाऊ. प्रमोदिनीबायच्या दारात उभी ऱ्हा नि खरं काय त्ये बोल. मी बाहीर थांबते, आत येत न्हाय."

"न्हाय जमायचं मना."

"लडकूला सांगू?"

"सांग. त्यो ड्युटीवरनं आला की सांग. त्यो माजंच ऐकनार. बोलल, वैनी येकली बसून बसून लावालाव्या कराला लागली."

लडकूला महादूच्या माघारी लूमवर चिकटवायला हीच ठकुबाई शेठच्या दारात तीन दिवस उभी राहिली होती. तो असं बोलला असता का, कुणास ठाऊक. पण राही हे आधीपासून जुळवून आली होती, ते कळायला शाळा शिकावी लागत नव्हती. म्हणजे काल ते तोंडातून निसटलं होतं, आज मात्र ती ते राखत होती.

"जा," ठकुबाई म्हणाली. "वाल सोल. सुकतील."

राही गेली. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं कुडापलीकडं ताटलीचा आवाज यायला लागला.

ठकुबाई मास्तरणीकडं वळली. "ऐकलंत ना बाई, तुमच्या कानानं? आता तुमी सांगा तिकडं. तुमचं ऐकतील. माज्यावर एवढं येक करा."

सरोजिनीबाईंनी चपलेत पाय घातला, काढला, परत घातला.

"सांगेन. सांगणारच आहे. पण लगेच नको, ठकुबाई. प्रमोदिनी फार चिडलीये. काल मीच ओरडले, आता मीच उलटं सांगायला गेले की म्हणतील, ही त्या बाईची बाजू घेते. जरा थंड होऊ दे. उगाच वाढतं."

"लुगडं इटाललं असं तुमालाबी वाटतंय का? तुमच्या मायचं?"

"छे छे! मला कसं वाटेल?" बाईंचे डोळे भरले. "मी तर आईचं म्हणून जपते."

"मंग तिथं का न्हाय बोललात?"

बाईंनी नाक पुसलं. मग बटव्याकडं न बघता म्हणाल्या, "आणि आणखी एक. धाकटीनं दिलेलं ते गाठोडं... ती म्हणते सध्या राहू दे. मी म्हटलं तिला, ठकुबाई तशा नाहीत. पण ती सासरी असते, तिच्या सासूच्या कानावर गेलंय."

बाई आल्या होत्या त्या गाठोडं न्यायला. बटव्याचं तेवढं आधी बोलल्या.

ठकुबाई आत गेली. फळीवरून मोठं गाठोडं काढलं. उरलेल्या चौकोनांचं फडकं काढलं. दोन्ही आणून बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"उघडा."

"नको हो, विश्वास आहे माझा."

"उघडा बाई. माज्यासमोर बघा."

बाईंनी गाठ सोडली. लुगडी जशी दिली तशीच घडीत होती. फडक्यातले चौकोन रंगावारी लावलेले. त्यातच एक पुरा झालेला बटवा होता, हिरव्या काठाचा, बारीक टाक्यांचा, धाकटीच्या नावानं शिवलेला. सरोजिनीबाईंनी तो उचलून त्यावरून बोट फिरवलं.

"तुमचा ऱ्हायला," ठकुबाई म्हणाली. "ह्यो जांभला त्यात लावायचा व्हता, वरच्या अंगाला, रफू दिसंल असा. आता तुमीच लावा. हितं माज्याकडं तुमच्या घरचा दोराबी ऱ्हायला न्हाय."

"मी येते हो उद्या-परवा. प्रमोदिनीशी बोलून येते."

"या."

सरोजिनीबाई गाठोडं छातीशी धरून शेताच्या बांधानं रस्त्याकडं गेल्या. उद्या-परवा त्या आल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात आळीतलं एकही गाठोडं शेलारला आलं नाही. बाईंनी प्रमोदिनीबाईंना सांगितलं की नाही, ते आम्हा गावच्या माणसांना कधीच कळलं नाही. राही पुढच्या संक्रांतीला परत बोलावली गेली, एवढं मात्र गावानं पाहिलं.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी ओट्यावर एक गोधडी अर्धी पसरलेली होती. दापोड्याच्या माणसाची, त्याच्या बापाच्या धोतरांची नि सदऱ्यांची. ती अजून ठकुबाईकडंच होती, कारण दापोड्याला आळीतल्या बातम्या उशिरा पोचतात. परवा न्यायला यायचा होता. ठकुबाईच्या कडेनं टाके चार ओळी आत गेले होते. समोरची, राहीची कड एकच लांब टाका घालून तशीच उघडी होती, सुई टोचून ठेवलेली.

कुडापलीकडून राहीनं हाक मारली, "बाय, चाय टाकू का गो?" जसं काही झालंच नव्हतं.

ठकुबाईनं ओ दिली नाही. कोंबडी गोधडीवर चढली होती, तिला "हाड!" केलं. उठून पलीकडं गेली नि राहीच्या कडेला बसली. खाली टोचलेली सुई काढून तिनं राहीनं घातलेला लांब टाका उसवला, दोरा दातानं तोडला, नवा ओवला. कड गुडघ्याखाली दाबून धरली आणि आखूड टाका घातला. मग दुसरा.